विश्लेषण : सिनेमागृहातील तक्रार ते व्हीसीआरचा ‘हाय-फाय’ आवाज… स्टीरिओचे जनक ॲलन ब्लमलाइन कोण होते?

१९८० च्या दशकाच्या मध्यावर महागड्या व्हिडीओ रेकॉर्डरच्या दर्शनी भागावर ‘हाय-फाय स्टीरिओ’ अशी अक्षरे झळकू लागली. घरी कॅसेट लावून पाहिलेल्या चित्रपटात मोटार डावीकडून उजवीकडे गेली, की तिचा आवाजही तसाच सरकू लागला. हे यंत्र जपानी कंपन्यांनी घडवले होते. मात्र चित्रासोबत आवाजही सरकला पाहिजे, ही कल्पना लंडनमधील एका तरुण अभियंत्याने १९३१ मध्येच तपशीलवार मांडली होती.

त्यांचे नाव ॲलन डॉवर ब्लमलाइन. त्यांच्या नावावर १२८ पेटंट आहेत. वयाच्या ३८ व्या वर्षी एका गुप्त विमानचाचणीत त्यांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर कित्येक दशके ध्वनिक्षेत्राबाहेर त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. असे का झाले आणि त्यांची कल्पना व्हिडीओ कॅसेटपर्यंत कशी पोहोचली, याचा हा आढावा.

बालपण कसे गेले?

ब्लमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील सेमी ब्लमलाइन हे जर्मनीत जन्मलेले ज्यू खाण अभियंता. पुढे त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले. आई जेसी डॉवर ही दक्षिण आफ्रिकेत काम केलेल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. आईचे माहेरचे आडनाव ब्लमलाइन यांच्या नावात कायम राहिले.

सात वर्षांचे असताना त्यांनी घराच्या दारावरची विजेची घंटा दुरुस्त केली आणि त्याचे रीतसर बिल वडिलांच्या हाती ठेवले. बिलाखालच्या सहीत त्यांनी स्वतःची ओळख इलेक्ट्रिकल इंजिनीअर अशी दिली होती. अभ्यासात मात्र गाडी रुळावर यायला वेळ लागला. त्यांच्या बहिणीच्या आठवणीनुसार, बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांना धड वाचता येत नव्हते. त्याच सुमारास, १९१४ मध्ये वडिलांचे निधन झाले.

पुढे हायगेट स्कूल आणि तिथून लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयात ते दाखल झाले. विद्युत अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १९२३ मध्ये प्रथम श्रेणीत मिळवली. उशिरा वाचायला शिकलेला हा मुलगा विशीतच उच्च वारंवारतेच्या मोजमापावर आपल्या प्राध्यापकांसोबत शोधनिबंध लिहीत होता.

टेलिफोनच्या तारांनी काय शिकवले?

१९२४ मध्ये ब्लमलाइन इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत रुजू झाले. काम होते लांब पल्ल्याच्या टेलिफोन केबलचे. एका केबलमध्ये तारांच्या अनेक जोड्या शेजारीशेजारी असत आणि एका जोडीवरचे बोलणे दुसऱ्या जोडीवर पुसटसे ऐकू येई. हा उपद्रव कमी करायचा, तर दोन तारांमधील संकेत एकमेकांशी नीट तोलावे लागतात. दोन्हींत सारखे असलेले काय आणि वेगळे असलेले काय, हे ओळखावे लागते.

दोन संकेतांची बेरीज आणि वजाबाकी हे हत्यार ब्लमलाइन यांच्या हाती इथे आले. पुढच्या त्यांच्या अनेक शोधांत ते वेगवेगळ्या रूपांत दिसते.

ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात ते कसे आले?

१९२९ मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत गेले. तिथे त्यांचे वरिष्ठ होते आयझॅक शोनबर्ग, रशियातून इंग्लंडमध्ये आलेले रेडिओ अभियंता. त्या काळी विजेच्या मदतीने तबकडी कोरण्याच्या प्रमुख पद्धतीचे हक्क अमेरिकी कंपनीकडे होते आणि ती वापरणाऱ्यांना स्वामित्वधन मोजावे लागे. त्या पेटंटला न शिवता नवे कोरणयंत्र तयार करा, असे काम ब्लमलाइन यांच्यावर सोपवण्यात आले.

त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चुंबकी क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्यावर आधारित कोरणयंत्र बनवले. स्वामित्वधन वाचलेच, शिवाय तबकडीवरचा आवाजही सुधारला. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी यांचे विलीनीकरण होऊन ‘ईएमआय’ ही कंपनी जन्माला आली. लंडनच्या पश्चिमेला हेस येथे तिची प्रयोगशाळा होती. ब्लमलाइन अखेरपर्यंत तिथेच राहिले.

सिनेमागृहात नेमके काय खटकले?

बोलपट येऊन तेव्हा मोजकीच वर्षे झाली होती. १९३१ मध्ये ब्लमलाइन चित्रपट पाहायला गेले. सोबत डोरीन लेन होत्या, ज्यांच्याशी पुढे १९३३ मध्ये त्यांचा विवाह झाला. पडद्यावर पात्र एका कडेला होते आणि आवाज भलतीकडून येत होता. पात्र चालत पडद्याच्या दुसऱ्या टोकाला गेले तरी आवाज जागचा हलला नाही. पात्रे कितीही असोत आणि कुठेही असोत, सर्वांचा आवाज एकाच जागेवरून येई.

इतर प्रेक्षकांनी हे गृहीत धरले होते. ब्लमलाइन यांना ते खटकले आणि आवाजाला पात्राच्या मागे चालायला लावण्याचा मार्ग आपल्याला सापडला असल्याचे त्यांनी डोरीन यांना सांगितले. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांनी ही कल्पना शोनबर्ग यांच्यापुढे मांडली.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्टीरिओ म्हटले की संगीत आठवते. ब्लमलाइन यांच्या स्टीरिओचा उगम मात्र चित्रात होता. चित्र आणि आवाज यांची जागा जुळावी, हा त्यामागचा पहिला हेतू होता.

पेटंट क्रमांक ३९४३२५ मध्ये काय होते?

१४ डिसेंबर १९३१ रोजी ब्लमलाइन यांनी ब्रिटिश पेटंटसाठी अर्ज केला. तो १४ जून १९३३ रोजी मंजूर झाला. क्रमांक ३९४३२५. त्यात तब्बल ७० दावे होते. स्टीरिओ हा शब्द त्यांनी वापरला नाही. त्यांचा शब्द होता ‘बायनॉरल’, म्हणजे दोन कानांचा.

आवाज कुठून आला हे माणसाला दोन प्रकारे कळते. डावीकडचा आवाज डाव्या कानाशी क्षणभर आधी पोहोचतो. शिवाय डोके मध्ये आल्यामुळे बारीक, उंच पट्टीचे आवाज उजव्या कानाला किंचित कमी ऐकू येतात. पण समोर दोन स्पीकर ठेवले की अडचण होते, कारण दोन्ही स्पीकरचा आवाज दोन्ही कानांत जातो. ब्लमलाइन यांनी यावर उपाय शोधला. दोन स्पीकरच्या आवाजाच्या जोरात योग्य फरक ठेवला, तर कानांशी पोहोचताना त्यातून दिशेचा हवा तो आभास तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिले.

त्याच पेटंटमध्ये एकाच जागी, एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन मायक्रोफोनची रचना होती. आजही ध्वनिमुद्रक तिला ‘ब्लमलाइन पेअर’ म्हणतात. तबकडीच्या एकाच खाचेत दोन आवाज कोरण्याची युक्तीही होती. खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत तिरक्या ठेवायच्या आणि प्रत्येक भिंतीवर एकेक आवाज कोरायचा. डावा आणि उजवा आवाज यांची बेरीज आणि वजाबाकी करून त्यांना वेगळ्या रूपात हाताळायची पद्धतही होती. चित्रपटाच्या फितीवर दोन ध्वनिपट्ट्या घेण्याची तरतूदही त्यात होती.

दोन कानांना दोन आवाज पोहोचवण्याचा प्रयत्न याआधी झाला नव्हता असे नाही. १८८१ मध्ये पॅरिसमध्ये क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराचा आवाज दोन टेलिफोनद्वारे ऐकवला होता. अमेरिकेत बेल प्रयोगशाळाही याच दिशेने काम करत होती. १९३३ मध्ये तिने फिलाडेल्फियातील वाद्यवृंदाचे वादन तीन वाहिन्यांवरून वॉशिंग्टनमध्ये ऐकवले. ब्लमलाइन यांचे वेगळेपण असे, की मायक्रोफोनपासून तबकडी, फीत आणि स्पीकरपर्यंतची साखळी त्यांनी एकाच पेटंटमध्ये बसवली आणि घरात दोनच स्पीकर पुरतील अशी ती बेतली.

प्रयोग प्रत्यक्षात झाले का?

झाले. १९३३ मध्ये पहिल्या प्रायोगिक तबकड्या तयार झाल्या. जानेवारी १९३४ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम हे लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून मोझार्टची ४१ वी सिंफनी वाजवून घेत असताना ब्लमलाइन यांच्या गटाने ती दोन वाहिन्यांवर मुद्रित केली.

१९३५ मध्ये ते मूळ तक्रारीकडे वळले. त्यांच्या गटाने काही छोट्या चित्रफिती तयार केल्या. एकीत माणसे बोलत बोलत मंचाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात आणि त्यांचा आवाज त्यांच्यासोबत जातो. दुसरीत हेस रेल्वे स्थानकावरून जाणाऱ्या गाड्या दिसतात. ब्लमलाइन यांना रेल्वेचे वेड होते आणि स्थानक प्रयोगशाळेच्या जवळच होते. वाफेचे इंजिन पडद्याच्या एका कडेने शिरते, धडधडत दुसऱ्या कडेने निघून जाते आणि आवाज त्याची पाठ सोडत नाही. या चित्रफिती आजही उपलब्ध आहेत.

मग हे तंत्र तेव्हाच बाजारात का आले नाही?

काळ महामंदीचा होता. तबकड्यांची विक्री कोसळली होती. त्या काळच्या लाखेच्या तबकड्यांची खरखरही मोठी होती. चित्रपटगृहांनी नुकताच बोलपटाच्या यंत्रणेवर खर्च केला होता. लगेच दुसऱ्या यंत्रणेसाठी त्यांच्याकडे पैसा मागणे कठीण होते.

त्याहून मोठे कारण म्हणजे दूरचित्रवाणी. ईएमआयने आपली सगळी ताकद तिच्यामागे लावली आणि ब्लमलाइन यांनाही त्याच कामात घेतले. शोनबर्ग यांच्या नेतृत्वाखालील गटाने ४०५ रेषांची संपूर्ण इलेक्ट्रॉनिक प्रणाली उभी केली. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली. जॉन लोगी बेअर्ड यांची २४० रेषांची प्रणाली आणि मार्कोनी-ईएमआयची प्रणाली आलटून पालटून वापरून पाहण्यात आली. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९३७ मध्ये, बेअर्ड यांची प्रणाली बंद झाली.

१२ मे १९३७ रोजी राजे सहावे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक दूरचित्रवाणीवर दाखवायची होती. कॅमेरे हाइड पार्क कॉर्नरला आणि प्रक्षेपण केंद्र उत्तर लंडनमध्ये. मधल्या केबलमध्ये बाहेरचा विद्युत गोंगाट शिरत होता. ब्लमलाइन यांनी त्यासाठी दोन व्हॉल्व्हची एक जोडी बांधली. दोन्ही तारांवर सारखाच येणारा गोंगाट ती वजा करत असे आणि तारांमधील फरक, म्हणजेच खरे चित्र, पुढे पाठवत असे. टेलिफोनच्या काळात शिकलेली वजाबाकी इथे कामी आली. हीच रचना आज ट्रान्झिस्टरच्या रूपात असंख्य चिपमध्ये बसलेली आहे.

या काळात त्यांचे काम अफाट वेगाने चालले होते. १२८ पेटंटची त्यांच्या कारकिर्दीशी सांगड घातली, तर सरासरी दर सहा-सात आठवड्यांना एक असा हिशेब येतो. कामाबाहेर त्यांना विमान चालवण्याचा आणि घोडेस्वारीचा शौक होता. घरी डोरीन आणि दोन लहान मुलगे होते. स्टीरिओचे काम मात्र कपाटात गेले. युद्ध सुरू झाले आणि ते तिथेच राहिले.

युद्धात ब्लमलाइन यांच्याकडे कोणते काम होते?

आधी त्यांनी शत्रूच्या विमानांचा वेध त्यांच्या आवाजावरून घेणाऱ्या यंत्रणेवर काम केले. दोन कानांच्या अभ्यासाचाच हा वेगळा उपयोग होता. त्यानंतर ते रडारकडे वळले. रात्रीच्या अंधारात शत्रूचे विमान शोधणारे, लढाऊ विमानात बसणारे रडार सुधारण्यात ईएमआयच्या गटाचा मोठा वाटा होता.

१९४२ मध्ये ‘एच-टू-एस’ या नव्या रडारचे काम सुरू झाले. बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली बसवलेले हे रडार ढगांतून आणि अंधारातून खालच्या जमिनीचे चित्र पडद्यावर दाखवणार होते. त्यात कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन हा ब्रिटनचा अत्यंत गोपनीय घटक वापरला होता. चाचण्यांसाठी ‘व्ही ९९७७’ क्रमांकाचे हॅलिफॅक्स विमान सज्ज करण्यात आले.

७ जून १९४२ रोजी काय घडले?

त्या रविवारी दुपारी ब्लमलाइन आणि ईएमआयमधील त्यांचे सहकारी सेसिल ब्राउन व फ्रँक ब्लायदेन डेफर्डच्या हवाई तळावरून त्या विमानात बसले. सरकारी रडार संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि हवाई दलाचे कर्मचारी सोबत होते. एकूण ११ जण.

उड्डाणादरम्यान उजव्या बाजूच्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली. ती विझली नाही. वैमानिक विमान खाली उतरवण्याच्या प्रयत्नात असताना आगीने पंख निकामी केला आणि विमान वाय नदीच्या खोऱ्यात, वेल्श बिक्नर गावाजवळ कोसळले. एकही जण वाचला नाही. ब्लमलाइन यांचा ३९ वा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता.

चौकशीत कारण सापडले ते अगदी साधे. इंजिनाच्या तपासणीनंतर झडपेजवळचा एक नट पुरेसा आवळला गेला नव्हता. तो सैल झाला, झडप तुटली आणि पेटते इंधन बाहेर आले.

एच-टू-एसचा प्रकल्प थांबला नाही. उरलेल्या गटाने काम पुढे नेले आणि जानेवारी १९४३ मध्ये हे रडार प्रत्यक्ष मोहिमांत वापरले जाऊ लागले. त्याच तंत्रावर आधारलेल्या रडारने अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या शोधण्यासही मोठी मदत केली.

ते विस्मृतीत का गेले?

मृत्यू गुप्त प्रकल्पात झाला होता. कोणते शास्त्रज्ञ गेले हे शत्रूला कळले असते, तर ब्रिटन कशावर काम करतो आहे याचा अंदाज त्याला आला असता. त्यामुळे अपघाताची वाच्यता होऊ दिली गेली नाही. एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाच्या निधनानंतर येतात तसे मृत्युलेख, सभा, सन्मान यांपैकी काहीच त्या वेळी घडले नाही. युद्ध संपले तेव्हा लोकांपुढे इतर अनेक नावे होती.

दुसरे कारण त्यांच्या कामाच्या पद्धतीत होते. त्यांनी शोधनिबंध फार थोडे लिहिले. त्यांचे बहुतेक काम पेटंटच्या रुक्ष भाषेत आणि कंपनीच्या नोंदींत राहिले. त्यांचे पहिले सविस्तर चरित्र प्रसिद्ध व्हायला १९९९ उजाडावे लागले.

१९५० च्या दशकात, पेटंटची मुदत संपल्यावर, ध्वनिमुद्रण उद्योग स्टीरिओ तबकडीचे मानक ठरवू लागला. अमेरिकेतील वेस्ट्रेक्स कंपनीने मांडलेली आणि जगाने स्वीकारलेली पद्धत होती ४५ अंशांच्या दोन भिंतींची. ब्लमलाइन यांच्या पेटंटात ती आधीपासून होती. १९५८ पासून स्टीरिओ तबकड्या दुकानांत आल्या. तोवर ब्लमलाइन यांच्या मृत्यूला १६ वर्षे झाली होती.

घरच्या व्हिडीओ रेकॉर्डरला स्टीरिओ इतक्या उशिरा का मिळाला?

सोनीचा बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचा व्हीएचएस १९७६ मध्ये बाजारात आला. तोवर तबकडी, रेडिओ आणि ऑडिओ कॅसेट स्टीरिओ झाल्या होत्या. व्हिडीओ टेपचा आवाज मात्र त्यांच्या तुलनेत गरीब होता.

कारण टेपच्या वेगात होते. सुरुवातीच्या यंत्रांत आवाज टेपच्या कडेच्या अरुंद पट्टीवर, स्थिर हेडने नोंदवला जाई. टेप जितकी वेगाने सरकेल तितका आवाज स्वच्छ, हा जुना नियम. ऑडिओ कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. भारतात आणि युरोपात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीच्या व्हीएचएसची टेप सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. त्यामुळे बारीक आवाज गळून जात आणि मागे सुस्कारा ऐकू येई. काही यंत्रांत ही पट्टी दुभागून स्टीरिओ दिला गेला, पण पट्टी आणखी अरुंद झाल्याने खरखर वाढली.

हाय-फायने ही अडचण कशी सोडवली?

चित्राला वेगाची अडचण नव्हती. चित्र नोंदवणारे हेड एका फिरत्या ढोलावर बसवलेले असतात. पाल यंत्रात हा ढोल मिनिटाला १५०० फेरे घेतो, त्यामुळे हेड आणि टेप यांच्यातला परस्परवेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर होतो. टेप सरकण्याच्या वेगाच्या हा सुमारे दोनशे पट आहे. मग आवाजही याच ढोलावरून नोंदवला तर? प्रश्न एकच होता. ती जागा चित्राने आधीच व्यापली होती.

सोनीने १९८३ मध्ये बीटा हाय-फाय आणला. अमेरिका व जपानमधील यंत्रांत चित्राच्या संकेतांमध्ये जागा करून तिथे आवाज बसवला होता. व्हीएचएसमध्ये तशी जागा नव्हती, म्हणून जेव्हीसीने टेपच्या खोलीचा उपयोग केला. १९८४ मध्ये व्हीएचएस हाय-फाय बाजारात आला.

यात ढोलावर आवाजासाठी दोन वेगळे हेड असतात. ते टेपवरून चित्राच्या हेडच्या आधी जातात. आवाजाचे दोन संकेत, डावा १.४ आणि उजवा १.८ मेगाहर्ट्झच्या आसपास, एफएम पद्धतीने नोंदवले जातात. त्यांची तरंगलांबी मोठी असल्याने ते टेपच्या चुंबकी थरात खोलवर उतरतात. लगेच मागून चित्राचे हेड येतात आणि वरच्या थरावर चित्र नोंदवतात. वरचा आवाज पुसला जातो, खोलवरचा टिकतो. शेतात आधी खोल नांगरट करावी आणि मग वरवर कुळव फिरवावा, तसा हा प्रकार. आवाजाच्या आणि चित्राच्या हेडच्या फटी वेगवेगळ्या कोनांत तिरक्या असल्यामुळे वाचताना एकाची दुसऱ्यात फारशी मिसळ होत नाही.

परिणाम लक्षणीय होता. माणसाला ऐकू येणारा जवळपास सगळा पट्टा, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, व्हिडीओ टेपवर मावू लागला. सुस्कारा जवळपास नाहीसा झाला. काही हौशी संगीतकारांनी तर चित्राचा विचार सोडून केवळ गाणी मुद्रित करण्यासाठी हे व्हिडीओ रेकॉर्डर घेतले.

त्यात काही त्रुटी होत्या का?

होत्या. ढोलावरचे दोन हेड आळीपाळीने टेपला लागतात. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना सांधा नीट जुळला नाही, की आवाजात हलकी गुरगुर येई. जुन्या टेपवर किंवा हेड सरळ रेषेत नसलेल्या यंत्रावर हाय-फाय पट्टी सापडत नसे. मग यंत्र कडेच्या जुन्या मोनो पट्टीवर जाई आणि आवाज एकाएकी कोंदट होई. चित्र झाल्यावर मागाहून नवा हाय-फाय आवाज भरता येत नसे, कारण आवाज भरताना वरचे चित्र बिघडले असते. आणि यंत्र हाय-फाय असले तरी त्याची तार एका स्पीकरच्या टीव्हीला जोडली, तर पैसे वाया. भारतात भाड्याने व्हीसीआर आणून पाहणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या वाट्याला त्या काळी साधा मोनो आवाजच आला.

ब्लमलाइन यांची तक्रार अखेर दूर झाली का?

बऱ्याच अंशी. १९८० च्या दशकात चित्रपटांच्या हाय-फाय कॅसेटवर डॉल्बी सराउंडचा आवाज येऊ लागला. त्यात चार दिशांचे आवाज दोन वाहिन्यांत बांधलेले असत. घरच्या उपकरणात दोन्ही वाहिन्यांत सारखा असलेला आवाज समोर मध्यभागी येई आणि त्यांतील फरक मागच्या स्पीकरला जाई. संवाद पडद्याशी राहत, पावसाचा आवाज पाठीमागून येई. पद्धत डॉल्बीची होती, पण तिच्या मुळाशी बेरीज-वजाबाकीचे तेच गणित होते, जे १९३१ च्या पेटंटमध्ये मांडले होते.

ज्या सुमारास हे घडत होते, त्याच सुमारास, जानेवारी १९८५ मध्ये, ब्रिटनमधील ४०५ रेषांचे प्रक्षेपण कायमचे बंद झाले. ब्लमलाइन यांनी उभारायला मदत केलेली चित्राची प्रणाली निवृत्त झाली, तेव्हा त्यांनी कपाटात ठेवलेला आवाज व्हिडीओ कॅसेटमधून घराघरांत शिरत होता.

आज त्यांची आठवण कुठे आहे?

लंडनच्या ईलिंग भागातील त्यांच्या घरावर १९७७ मध्ये निळी स्मृतिपट्टिका लावण्यात आली. २०१५ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने ॲबी रोड स्टुडिओत त्यांच्या स्टीरिओ शोधाची नोंद घेणारी पट्टिका बसवली. जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीएचएस रेकॉर्डरचे उत्पादन थांबवले आणि या यंत्राचे युग संपले. त्याच्या पुढच्याच वर्षी, मृत्यूनंतर ७५ वर्षांनी, ब्लमलाइन यांना तांत्रिक कामगिरीसाठीचा ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

त्यांचे गणित मात्र रोजच्या वापरात आहे. मोबाइलवर ऐकलेले एमपी-३ गाणे लहान फाइलमध्ये मावते, त्यामागच्या युक्त्यांपैकी एक म्हणजे डाव्या-उजव्या आवाजाऐवजी त्यांची बेरीज आणि फरक साठवणे. इअरफोन लावून एखादा चित्रपट पाहताना रेल्वेगाडी एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे गेली, की हेस स्थानकावर १९३५ मध्ये झालेल्या त्या प्रयोगाची पुनरावृत्ती होत असते.